शहाणे नगर : इंदूरचा अनुभव

'स्मार्ट सिटी' हा शब्द आता सर्वांच्या तोंडी रुळला आहे. मराठीत त्यास 'शहाणे नगर' म्हणावे, तर ते शहाणपण यंत्रांत वसते की नागरिकांत, असा प्रश्न उभा राहतो. होळकरांच्या इंदुराने या प्रश्नाचा अनुभव पूर्वीही घेतला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंदुरास प्लेगने ग्रासले होते. नगररचनेविषयी सल्ला देण्यासाठी दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास पाचारण केले. हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याहून रंजक आहे ती त्यांनी योजलेली दिवाळीची मिरवणूक. ठरलेला मार्ग सोडून, ज्या भागातील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त झालेली असतील त्या भागातून ती जाईल, असे जाहीर झाले. कचरा फुकट उचलण्याची सोयही झाली. मग काय विचारता! घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचे प्रतीक म्हणून एक अजस्र उंदीर होता, आणि शहराचे सफाई कामगार शुभ्र पोशाखात, हार घालून सन्मानाने चालत होते. दंडाच्या बडग्याने हे साधले असते असे वाटत नाही.

२०१७ पासून पुढे अनेक वर्षे देशातील स्वच्छतेच्या स्पर्धेत इंदूर पहिले आले, त्याच्या मुळाशीही घरोघरची शिस्तच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखाना सुरू झाला. बंद टाक्यांत, हवेवाचून जगणारे जंतू कचरा कुजवितात. त्यातून निघणारा मिथेन शुद्ध करून वाहनांत वापरतात. मात्र त्या कचऱ्यात काच नि प्लास्टिक मिसळले की सारे बिघडते. म्हणजे कारखान्याचे पहिले काम स्वयंपाकघरात होते.

असे असूनही डिसेंबर २०२५ मध्ये याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि अनेकांचे प्राण गेले. पाण्याला घाण वास येतो, अशी रहिवाशांची तक्रार आधीपासूनच होती. नळ ठरावीक वेळीच सुटणाऱ्या शहरांत हा धोका नेहमीचा असतो. पाणी बंद झाले की जलवाहिनीतील दाब उतरतो, आणि भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. दाब मोजणारी यंत्रे हे टिपू शकतात. पण भागीरथपुऱ्यात यंत्राआधी माणसांच्या नाकांनी ते टिपले होते. उणीव होती ती ऐकणाऱ्या कानांची.

नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नळीभर पाण्यात औषध टाकावे. रंग उमटला तर क्लोरीन आहे. मुळीच न उमटला, तर ते पाणी पिऊ नये आणि त्याच दिवशी पालिकेस कळवावे. ही परीक्षा शाळकरी मुलासही करता येते.