गोवॉनसचा गाळ

गाळ म्हटला की आपल्याला पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई आठवते. किती टन काढला, एवढाच हिशेब. त्यात काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या गोवॉनस कालव्यात हाच प्रश्न विचारला गेला, आणि सगळेच गणित बदलले.

दलदलीतली भरती-ओहोटीची खाडी खोल करून १८६०च्या दशकात हा सुमारे २.९ किलोमीटरचा कालवा पुरा झाला. काठावर कारखाने आले. त्यांत कोळसा तापवून गॅस बनवणारे तीन कारखाने होते. या प्रक्रियेत डांबर उरते. ते पाण्याहून जड असल्याने तळाशी जाते. कालव्याचे एक टोक बंद, म्हणजे प्रवाह नाही. जे पडले ते तिथेच बसले. वरून शहराचे मैलापाणी. तळाशी सरासरी तीन मीटर काळा गाळ साचला. स्थानिक लोक त्याला ‘काळे मेयोनीज’ म्हणतात.

१९११ मध्ये बोगद्यातून कालव्याचे पाणी खेळते ठेवण्याची युक्ती झाली. ती यंत्रणा साठच्या दशकात बंद पडली, १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाली. पाणी सुधारले. गाळ मात्र होता तसाच राहिला, कारण विष पाण्यात नव्हतेच.

शहर प्रशासनाचा विरोध असतानाही २०१०च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कालवा ‘सुपरफंड’ यादीत घातला. या कायद्यानुसार प्रदूषण करणाऱ्याकडून, किंवा त्याच्या वारसदार कंपनीकडून, खर्च वसूल करता येतो. तपासाची रीत साधी आहे: लांब नळी तळात उभी घुसवायची, आतला गाळ थरांसकट अखंड वर काढायचा, खोलीप्रमाणे तुकडे करून प्रयोगशाळेत तपासायचे. शिसे, तांबे, पारा, पीसीबी आणि डांबरातली कर्करोगकारक रसायने सापडली. पण खरी अडचण त्याखाली होती. डांबर मऊ गाळ ओलांडून मूळ जमिनीत झिरपले होते. तेवढे खोल खणणे शक्य नव्हते.

म्हणून २०१३चा आराखडा तिहेरी ठरला, अंदाजित खर्च ५०.६ कोटी डॉलर. मऊ गाळ उपसायचा. डांबर वर येण्याची भीती असेल तिथे मूळ जमिनीत सिमेंट मिसळून ती घट्ट करायची. मग वर थरांचे झाकण: खाली डांबर शोषून घेणारी माती, मध्ये वाळू-खडी, वर बोटींचा व प्रवाहाचा मार सोसणारे दगड. उपसा २०२०च्या नोव्हेंबरात सुरू झाला.

माझ्या मते यापेक्षाही कळीचा मुद्दा गटारांचा आहे. तिथे मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळातून जाते. जोराचा पाऊस झाला की नळ ओसंडून कालव्यात रिकामा होतो. नव्या झाकणावर पुन्हा गाळ बसू नये म्हणून सुमारे तीन कोटी आणि दीड कोटी लिटरच्या दोन भूमिगत टाक्या बांधण्याची जबाबदारी शहरावर टाकली गेली. काम रखडले, तेव्हा २०२१ मध्ये संस्थेला त्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहराने कालव्याभोवती सुमारे साडेआठ हजार नव्या घरांना वाट मोकळी केली.