मेमरी लीक: किती वाढली नव्हे, कोणी धरून ठेवली?

सर्व्हरचा मेमरीचा आलेख चढू लागला की ‘लीक आहे, रीस्टार्ट करा’ असं लगेच ठरतं. पण चढलेला प्रत्येक आलेख लीकचा नसतो. लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडून देतं. म्हणून free कमांडच्या उत्तरात ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’ हा रकाना बघायचा. प्रोग्रामने मोकळी केलेली मेमरीही मॅलॉक लगेच सिस्टीमला परत करेलच असं नाही. जावामध्ये बघायचं ते पूर्ण गार्बेज कलेक्शननंतर (फुल जीसी) किती मेमरी वापरात उरते ते. तेवढाच लोड असताना ती पातळी दर खेपेला वर सरकत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ‘जावात गार्बेज कलेक्टर आहे, लीक होणारच नाही’. कलेक्टर फक्त ज्यांच्यापर्यंत कुठूनच पोहोचता येत नाही असे ऑब्जेक्ट उचलतो. तुम्हाला ते परत लागणार आहेत का, हे त्याला कळत नाही. समजा, एका स्टॅटिक हॅशमॅपमध्ये कॅश ठेवली आहे आणि कीच्या क्लासमध्ये इक्वल्स व हॅशकोड लिहायचे राहिले आहेत. मग त्याच ग्राहकासाठी दर रिक्वेस्टला बनलेली की मॅपला नवीच वाटते. आधीची नोंद सापडत नाही, नवी भरली जाते आणि जुनी तशीच राहते. कोडमध्ये चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण उत्तरं बरोबरच येत असतात.

अशा वेळी जेसीएमडीने हीप डंप, म्हणजे मेमरीतल्या ऑब्जेक्टची नोंद, घेऊन तो एक्लिप्स मॅटमध्ये उघडावा. यादीत सर्वांत वर बहुतेकदा बाइट ॲरे आणि स्ट्रिंग दिसतात; त्यांच्या मागे लागण्यात दिवस जातो. रिटेन्ड साइज बघा, म्हणजे तो ऑब्जेक्ट गेला तर एकूण किती मेमरी सुटेल. मग जीसी रूटपर्यंतची साखळी उलगडा, तो मॅप समोर येतो. डंप घेताना सर्व्हर थबकतो, आणि डंपमध्ये ग्राहकांचा डेटा, पासवर्डही असू शकतात. तेव्हा तो जपून हाताळा.

रीस्टार्टने सेवा सुरू होते, पण पुरावा जातो. डंप आधी घ्या. कर्नलच्या ओओएम किलरने प्रोसेस मारली (कंटेनरचा एक्झिट कोड बहुधा 137) तर जेव्हीएमला डंप लिहायची संधीच मिळत नाही. रॅम वाढवल्याने फक्त मुदत वाढते.

‘छोट्या, दुय्यम प्रोग्राममधली लीक काय करणार?’ 22 ऑक्टोबर 2012 ला ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये याचं उत्तर मिळालं. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता, पण डीएनएसमधला बदल सगळीकडे पोहोचला नाही. स्टोरेज सर्व्हरवरचे, त्याला माहिती पाठवणारे काही एजंट जुन्याच पत्त्यावर संपर्काचा प्रयत्न करत राहिले, आणि त्या अपयशी प्रयत्नांत सुप्त लीक जागी होऊन मेमरी हळूहळू संपली. हे सर्व्हर एरवीही मेमरी भरपूर आणि कमीजास्त वापरत असल्याने अलार्म वाजला नाही. त्यानंतर कंपनीने दुय्यम प्रोसेसच्या मेमरीवर मर्यादा घालायचं ठरवलं.