शब्द तोच, कान वेगळे

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागले, की सुमारे ३० किलोमीटरवर बगरू येते. मराठी घरांत हे नाव पोचले आहे ते चादरी, ओढण्या आणि कुडत्यांच्या कापडामुळे. लाकडी ठप्प्यांनी छापलेले हे कापड छिपा कारागिरांनी पिढ्यानपिढ्या नावारूपाला आणले. पण खरेदीला गेलेल्या मराठी कुटुंबाला क्वचितच ठाऊक असते, की या गावाशी महाराष्ट्राचे आणखी एक जुने नाते आहे आणि ते कापडाचे नाही.

सवाई जयसिंह १७४३ मध्ये वारल्यावर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांत जयपूरच्या गादीवरून तंटा सुरू झाला. ऑगस्ट १७४८ मध्ये भर पावसात बगरूला लढाई झाली. मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले आणि ईश्वरीसिंहाला भावासाठी परगणे सोडावे लागले. पुढे पैशांचा तगादा चालूच राहिला. डिसेंबर १७५० मध्ये मराठी फौज पुन्हा जयपूरवर येत असताना ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. गादी माधोसिंहाला मिळाली, पण जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात शिरलेल्या हजारो मराठ्यांची कत्तल झाली.

आता 'मराठा' हा एकच शब्द दोन ठिकाणी उच्चारून पाहा. पुण्यात तो ऐकला की छाती फुगते. राजस्थानच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्याच्या शेजारी 'आक्रमण' हा शब्द येतो. 'चौथ' वसूल करणाऱ्याला तो हक्क वाटला. देणाऱ्याला ती लूट वाटली. यात कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण सांगत असतो.

बंगालमध्ये हे आणखी ठळक दिसते. मराठीत 'बारगीर' म्हणजे सरकारी घोडा आणि हत्यारे मिळालेला साधा स्वार. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या आणि या शब्दाचा तिथे 'बर्गी' झाला. मुलांना झोपवताना त्यांना भीती घालायला तो अंगाईगीतात जाऊन बसला. एखादी मराठी सून बंगाली सासरी पूर्वजांच्या पराक्रमाचे गोडवे गाऊ लागली, तर सासूबाईंच्या कानात काय वाजत असेल, याचा विचार तिने करायला हवा!

एक तापलेला शब्द

आजच्या जगात असाच पेटता शब्द आहे 'झायोनिझम'. जेरुसलेममधल्या झायोन टेकडीवरून तो आला. १८९७ मध्ये थिओडोर हर्झल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे परिषद भरवली आणि यहुद्यांसाठी पॅलेस्टाइनमध्ये हक्काचे घर हवे, या मागणीला संघटित रूप आले.

युरोपात छळ सोसलेल्या यहुद्याला या शब्दात आसरा दिसतो. पॅलेस्टिनी अरबाला १९४८ चे युद्ध आठवते. त्यात सुमारे ७ लाख लोकांची घरे सुटली. ते त्या घटनेला 'नकबा', म्हणजे महासंकट, म्हणतात. झायोनिझम हा वंशवादाचाच प्रकार आहे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ मध्ये केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. १९९१ मध्ये तोच ठराव मागे घेतला गेला, तेव्हाही भारताचे मत मागे घेण्याच्या बाजूने पडले. सोळा वर्षांत शब्दकोश बदलला नव्हता, जगाचे राजकारण बदलले होते. दोन्ही ठरावांनी समोरच्या बाजूचे मन वळले, असे मात्र झाले नाही.

हा शब्द मराठी माणसाला अगदी परका नाही. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातील बरेच जण इस्रायलला गेले. तिथे विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या यहुदी असण्याबद्दलच शंका काढली गेली. आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये त्यांना बरोबरीचे यहुदी मानण्यात आले. ज्या शब्दाच्या ओढीने घर सोडले, तोच शब्द दारात अडवतो, हे या मराठी कुटुंबांनी अनुभवले.

उंबऱ्याच्या आत

दूर कशाला जायचे? 'भैया' म्हणजे उत्तरेत भाऊ. मुंबईत हाच शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो, ते सर्वांना माहीत आहे.

चांगल्या हेतूनेही शब्द बोचतो. 'हरिजन' हे नाव गांधीजींनी आदराने रूढ केले. पण १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकातल्या या शब्दाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने हरकत घेतली. ती मानली गेली नाही, तेव्हा त्यांचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांना नाव द्यायचे, त्यांनाच विचारले नव्हते, हे त्यामागचे दुखणे होते.

मग बोलायचे कसे?

बगरूच्या 'दाबू' छपाईत कापडावर चिखलाचा लेप ठप्प्याने लावतात. लेप असतो तेवढ्या जागेवर रंग चढत नाही. तापलेल्या शब्दाचेही तसेच आहे. तो पडला, की पुढचा मुद्दा कितीही पक्क्या रंगाचा असो, ऐकणाऱ्याच्या मनावर चढत नाही. तो शब्दालाच उत्तर देत बसतो.

म्हणून वाद घालण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : "तुम्ही या शब्दाचा अर्थ काय घेता?" कित्येकदा अर्धे भांडण तिथेच मिटते. दुसरे, शिक्का मारण्याऐवजी घटना सांगावी. कोणी, कधी, काय केले, कोणाचे काय गेले, यावर बोलणे होऊ शकते. 'तू अमुकवादी आहेस' म्हटल्यावर बोलणे संपते. तिसरे, माणसांना त्यांनी स्वतः स्वीकारलेल्या नावाने हाक मारावी.

याचा अर्थ सत्यावर पांघरूण घालावे, असा नाही. जयपूरच्या कत्तलीला कत्तल म्हणावे, बंगालच्या लुटीला लूटच म्हणावे. गुळगुळीत शब्दही फसवतात. 'मोहीम' म्हटले, की जळालेली गावे दिसेनाशी होतात. आपल्या बाजूची चूक त्याच शब्दात सांगायची तयारी असेल, तरच समोरच्याची चूक दाखवण्याचा अधिकार मिळतो.

पुढच्या खेपेला बगरूला चादर घेताना जुन्या लढाईचा विषय निघालाच, तर मराठी पाहुण्याने आधी छिपा कारागिराची बाजू ऐकून घ्यावी. मग आपली सांगावी. तीही तितक्याच शांतपणे ऐकली जाण्याचा संभव मोठा आहे.