सायकलीच्या चाकांची राखण



‘सायकल चोरीला गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा सायकल ही एकसंध वस्तू आहे असे आपल्या मनात गृहीत असते. पेटी, घड्याळ किंवा छत्री यांच्यासारखीच तीही एक जिन्नस, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. सायकल म्हणजे अनेक सुट्या वस्तूंची पान्याने जुळविलेली मोट होय. तिची दोन चाके चार नटांवर उभी असतात, सीट एका बोल्टावर बसलेली असते, आणि घंटी, दिवा, पंप ही मंडळी तर एकेका स्क्रूच्या किंवा पकडीच्या आधाराने नांदत असतात. मालक एक कुलूप विकत आणतो, ते एका ठिकाणी लावतो आणि सगळी मोट सुरक्षित झाली असे समजून कामाला लागतो. चोराला मात्र ही मोट कशी सुटते हे पक्के ठाऊक असते. संध्याकाळी मालक परत येतो तो कुलूप शाबूत, सांगाडा शाबूत, आणि पुढचे चाक तेवढे नाहीसे झालेले!

हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. म्हणून तो जेथे क्षुल्लक नाही अशा एका जागी आपण प्रथम जाऊ. रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भनपुरी ही वसाहत आहे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. 2000 साली छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. मराठी कुटुंबे या शहरात पूर्वीपासून राहत आली आहेत. भनपुरी हा या शहराचा औद्योगिक भाग. येथून पुढे उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांची रांग लागते. लोखंड वितळविणे, त्याच्या सळया आणि पट्ट्या ओढणे हे या परिसराचे मुख्य काम. या कारखान्यांत खपणाऱ्या सर्वांजवळ मोटारसायकल नसते. अजूनही कित्येकांचे पाय पायडलावरच असतात.

आता अशा मजुराच्या सायकलीची स्थिती पाहा. ती दारात उभी नसते, आणि चहा पिण्यापुरती पाच मिनिटेही टेकविलेली नसते. पाळी आठ तासांची असेल, तर तीही आठ तास भिंतीशी उभी असते, आणि त्या आठ तासांत तिचा धनी तिच्याकडे फिरकू शकत नाही. पाळी केव्हा सुटते हे जसे मालकाला ठाऊक असते, तसेच ते चोरालाही ठाऊक असते. रात्रपाळीला तर अंधाराचीही साथ मिळते.

अशा माणसाचे चाक गेले, तर जाते ते केवळ चाक नव्हे. त्या रात्री सायकल खांद्यावर घेऊन घर गाठावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाचे भाडे तरी द्यावे लागते किंवा हजेरी तरी बुडवावी लागते. नव्या चाकाचे पैसे महिन्याच्या हिशेबात कोठेच मांडलेले नसतात. 2011 च्या जनगणनेत देशातील सुमारे 45 टक्के कुटुंबांजवळ सायकल असल्याची नोंद झाली होती. छत्तीसगडमध्ये दुर्बल घटकांतील मुलींना नवव्या इयत्तेत सरकारकडून सायकल देण्याची योजनाही चालत आली आहे. शाळा दूर असली म्हणजे त्या मुलीचे शिक्षण त्या दोन चाकांवरच चालत असते. चाक बंद पडले, तर पुष्कळदा पुस्तकही मिटते.

चोर सबंध सायकल सोडून तिचा एखादा भाग का नेतो, याचे उत्तर सोपे आहे. सबंध सायकलीला ओळख असते. तिचा रंग, तिच्या मडगार्डावरचा पोचा, हँडलाला गुंडाळलेली दोरी हे सारे तिचा मालक शंभर पावलांवरूनही ओळखतो. सुटे चाक मात्र निनावी असते. ते दुसऱ्या सायकलीला बसले, की तासाभरात तिचेच होऊन जाते. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा 1948 चा चित्रपट आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. 1952 साली मुंबईत झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविण्यात आला होता. त्यात भिंतींवर जाहिराती चिकटविणाऱ्या एका गरीब माणसाची सायकल कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीस जाते. तो आपल्या सोबत्यांसह जुन्या सायकलींच्या बाजारात शोधाला निघतो, तेव्हा सबंध सायकल शोधण्याची आशा कोणीच धरीत नाही. कोणी सांगाडे पाहायचे, कोणी टायर पाहायचे आणि लहान मुलाने घंट्या व पंप पाहायचे, अशी कामाची वाटणी होते. चोरलेली वस्तू बाजारात कोणत्या रूपाने येते, याचे इतके नेमके चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल.

येथे कायद्याची एक बाजूही समजून घेतली पाहिजे. 1860 च्या दंडसंहितेप्रमाणे चोरी, मग ती कितीही किमतीची असो, दखलपात्र गुन्हा होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 303 व्या कलमान्वये चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. परंतु चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ही पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र ठरविण्यात आली आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात आपल्या तक्रारीची नोंद होईल, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास सुरू होणार नाही. किरकोळ प्रकरणी नवख्या गुन्हेगाराला तुरुंगात धाडू नये, हा या तरतुदीमागील हेतू समजण्याजोगा आहे. तथापि सायकलीचे चाक, सीट, किंबहुना पुष्कळदा सबंध जुनी सायकलही, या मर्यादेच्या आतच बसते. मजुराच्या दृष्टीने जे मोठे, ते कायद्याच्या मापाने लहान ठरते. तक्रार अवश्य नोंदवावी, मात्र ‘बैल गेला नि झोपा केला’ अशी गत होण्याआधी राखण आपली आपणच केलेली बरी.

राखण करावयाची तर चाक कसे निघते हे आधी समजले पाहिजे. पुढच्या चाकाची आस चिमट्याच्या दोन खाचांत बसते आणि दोन्ही बाजूंच्या नटांनी आवळली जाते. ते नट पान्याने सैल केले आणि हँडल वर उचलले, की चाक आपल्याच भाराने खाली सुटते. मागच्या चाकाला चेनचा वेढा असतो, आणि साध्या सायकलीत मडगार्डाच्या काड्या, कॅरिअरचे पाय व स्टँड हीदेखील त्याच आसेवर अडकविलेली असतात. ते काढायला वेळ लागतो आणि हात काळे होतात. म्हणून पहिला बळी बहुधा पुढच्या चाकाचा जातो. गिअरच्या नव्या सायकलींत तर पान्याचेही काम नाही. तुल्लिओ काम्पान्योलो या इटालियन सायकलपटूने 1930 च्या सुमारास अशी एक दांडी काढली, की ती हाताने फिरविताच चाक मोकळे व्हावे. शर्यतीत ही मोठी सोय झाली. कारखान्याच्या भिंतीशी मात्र तीच सोय चोराच्या उपयोगी पडते. अशी दांडी असेल, तर ती काढून साधे नट बसवून घ्यावेत, किंवा विशिष्ट चावीनेच फिरणारे नट मिळतात ते बसवावेत. खर्च थोडा, पण लाभ कायमचा.

आता कुलपाकडे वळू. आपल्या साध्या सायकलीला मागच्या चाकाशी जे कुलूप असते, त्याचा दांडा आऱ्यांमधून आरपार जातो. त्यामुळे चाक फिरत नाही आणि सांगाड्यापासून सहज सुटतही नाही. परंतु सबंध सायकल उचलून नेण्यास त्याची हरकत नसते, आणि पुढच्या चाकाशी तर त्याचा काही संबंधच नसतो. म्हणून जोडीला एक साखळी हवी. ती पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून, सांगाड्याच्या तिरप्या नळीभोवतून आणि एखाद्या रोवलेल्या खांबाभोवतून फिरवावी. चाक, सांगाडा आणि जमीन हे तिन्ही एका गाठीत आले पाहिजेत. खांब असा हवा, की सायकल वर उचलून त्यावरून काढता येऊ नये. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नये, कारण खाली दगड असला की हातोड्याला ऐरण आपोआप मिळते. साखळी फार सैलही ठेवू नये, नाही तर पहार घालून पिळण्यास जागा राहते.

ज्यांच्याजवळ इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे पक्के पण आखूड कुलूप आहे, त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. अमेरिकेतील शेल्डन ब्राउन हे सायकलीचे नामांकित जाणकार होते. ते 2008 साली निवर्तले. ते सांगत, की सीटखालची नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या यांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या आत चाकाची रिम पकडून ते कुलूप खांबाला लावावे. कुलूप सांगाड्याला लागलेले दिसत नाही, आणि पाहणाऱ्याला ही चूक वाटते. परंतु रिम त्या त्रिकोणातून निसटू शकत नाही, आणि त्यामुळे सांगाडाही अडकून राहतो. सोडवायचे तर टायरसकट रिमच कापावी लागते. म्हणजे चोराने आपल्याच हाताने अर्ध्या मालाची नासाडी करायची. पुढच्या चाकाला मात्र वेगळी साखळी घालावी.

लहान भागांचीही व्यवस्था आहे. सीटच्या खालच्या तारा आणि सांगाडा यांतून जुन्या चेनचा एक तुकडा फिरवून त्याची टोके जोडून टाकावीत. रंग खरवडू नये म्हणून तो तुकडा जुन्या ट्यूबच्या नळीत घालावा. फेकून देण्याच्या दोन वस्तूंतून येथे सीटचे रक्षण होते. सहा कोनी खाच असलेल्या बोल्टांच्या खाचेत लहानसा छर्रा बसवून वर मेण ओतले, तर चोराची चावी आत शिरत नाही, आणि आपल्याला हवे तेव्हा मेण खरवडून छर्रा काढता येतो. पंप आणि सुटणारा दिवा मात्र सरळ पिशवीत टाकून बरोबर न्यावा.

येथवर बांधण्याचा विचार झाला. याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे निनावी भागांना नाव देणे. सांगाड्यावर कारखान्याने एक क्रमांक ठोकलेला असतो. तो सीटच्या नळीच्या माथ्याशी किंवा पायडलांच्या आसेखाली सापडतो. तो वहीत उतरून घ्यावा आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. रिमवर, आसेच्या हबवर आणि सीटच्या पोटाशी टोकदार खिळ्याने आपली दोन अक्षरे व एक अंक कोरावा. सीटखालच्या नळीत नाव-पत्त्याची चिठ्ठी गुंडाळून सोडावी. हल्ली बहुतेक घरांत मोबाईल आहे. त्यावर सायकलीची आणि या खुणांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पूर्वी पुण्यासारख्या शहरांत सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. कराचा जाच म्हणून लोक त्याला नावे ठेवीत, परंतु सायकलीची कोठे तरी नोंद राहते, हा त्याचा गुण विसरता येत नाही. जपानमध्ये 1994 पासून सायकलीची नोंदणी कायद्यानेच आवश्यक केलेली आहे. आपल्याकडे तशी सोय नसेल, तर कारखान्याच्या दाराशी किंवा शाळेच्या कचेरीत एक साधी नोंदवही ठेवण्यास कोणाचीच आडकाठी नसावी.

शेवटी दोन शब्द मालकांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी. कारखान्याच्या आवारात, पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, जमिनीत पुरलेला एक लोखंडी आडवा दांडा आणि वर एक दिवा एवढ्यानेही पुष्कळ काम होते. जो भाग दिवसभर लोखंड ओढतो, त्याला एका दांड्याचे लोखंड जड होऊ नये. गिऱ्हाइकांनीही हे ध्यानात ठेवावे, की दुरुस्तीच्या दुकानात किंवा भंगारात अर्ध्या किमतीला मिळणारे चांगले चाक आकाशातून पडलेले नसते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही न्याय संहितेच्या 317 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्यालाही तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. चाक घेताना ‘हे कोणाचे?’ एवढा प्रश्न विचारावा आणि रिमवर कोणी दोन अक्षरे कोरली आहेत काय हे पाहावे. ती दिसली, तर ते चाक तेथेच ठेवावे. त्या अक्षरांचा धनी कदाचित त्याच वेळी बिलासपूरच्या रस्त्याने पायी घराकडे चालला असेल.