रायफलच्या बोल्टवरील अल्पघर्षी मुलामा

स्वयंचलित व अर्धस्वयंचलित रायफलमधील बोल्ट आणि त्याला मागेपुढे नेणारा बोल्ट कॅरियर या पोलादी भागांवर घर्षण, झीज व गंज कमी करण्यासाठी चढवलेल्या पातळ, कठीण थरास अल्पघर्षी संरक्षक मुलामा असे म्हणता येते. ‘मुलामा’ या शब्दाला मराठीत वरवरच्या दिखाऊपणाची छटा आहे. येथे मात्र तुलना करायची तर ती पितळी भांड्याच्या कल्हईशी करणे अधिक योग्य ठरते.

गरज

गोळी सुटल्यावर बोल्ट मागे सरकून रिकामी पुंगळी बाहेर काढतो आणि परतताना नवे काडतूस नळीच्या कोठीत बसवतो. यूजीन स्टोनर यांच्या एम-१६ रायफलमध्ये नळीतील तप्त वायू एका बारीक नलिकेतून थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो. त्यामुळे काजळी नेमकी सर्वाधिक हालचालीच्या जागी साचते. कलाश्निकोव्हसारख्या, स्वतंत्र दट्ट्या असलेल्या रायफलींत हा त्रास कमी असतो.

व्हिएतनाममधील अनुभव

एम-१६च्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत बोल्ट कॅरियरला क्रोमचा मुलामा होता. पुढे बाहेरील बाजूस फॉस्फेटचा थर आला आणि क्रोम आतील भागापुरते उरले. याच सुमारास, १९६४ मध्ये, काडतुसातील दारूचा प्रकार बदलला. नव्या दारूने काजळी वाढली आणि गोळ्या झाडण्याचा वेगही वाढला. रायफल जणू आपोआप स्वच्छ राहते असा समज पसरला होता. सफाईचे साहित्यही सैनिकांना पुरेसे मिळत नव्हते. दमट हवेत कोठीला गंज चढून पुंगळी आत अडकू लागली आणि ऐन चकमकीत बंद पडलेली रायफल हातात घेऊन सैनिक मारले गेले. १९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी संसदीय उपसमितीने या प्रकरणाची चौकशी केली. त्या काळात कोठीला क्रोमचे अस्तर देण्यात आले व सफाईचे साहित्य पुरवण्यात आले. कॅरियरवरील क्रोम काढल्यामुळेच हे सारे घडले, असे मानणे मात्र चुकीचे आहे. अस्तर नसलेली कोठी, बदललेली दारू आणि सफाईचा अभाव ही कारणे अधिक वजनदार होती.

प्रकार

मँगनीज फॉस्फेटचा थर स्वतः गुळगुळीत नसतो. त्याच्या सच्छिद्र स्फटिकांत तेल मुरून राहते, हाच त्याचा गुण. तेल सुकले की तो खरखरीत लागतो. कठीण क्रोमवर काजळी सहज चिकटत नाही आणि ती पुसताही येते. परंतु मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते, म्हणून भाग नंतर सुमारे १९० अंश सेल्सिअसला काही तास तापवावे लागतात. शिवाय या प्रक्रियेत वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने कारखान्यातील कामगारांना त्याचा धोका असतो. युरोपीय संघाने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत.

निकेल-बोरॉनचा मुलामा विजेशिवाय, रासायनिक द्रावणात चढतो. त्यामुळे कानाकोपऱ्यांतही जाडी सारखी राहते. टायटॅनियम नायट्राइड सोनेरी दिसते व अतिशय कठीण असते. हिरासदृश कार्बनाच्या काळ्या थरात हिरा व ग्रॅफाइट या दोहोंतील बंध एकत्र असतात. म्हणून तो कठीण असूनही निसरडा असतो.

मर्यादा

एम-१६च्या बोल्टचे पोलाद पृष्ठभागी कठीण केलेले असते. मुलामा देताना तापमान मूळ पाणी उतरवण्याच्या तापमानापेक्षा वर गेले, तर बोल्टचे दाते मऊ पडतात. गोळी सुटतानाचा दाब हेच दाते पेलत असल्याने वरचा चकचकीत थर अशा वेळी फसवा ठरतो. थराची जाडी मापात धरली नाही तर भाग एकमेकांत घट्ट बसतात. कोणताही मुलामा असला तरी तेलाची गरज पूर्णपणे संपत नाही. अमेरिकी सैन्याच्या एम-४ कार्बाइनमध्येही बोल्ट कॅरियरला बाहेरून फॉस्फेट व आतून क्रोम हीच जुनी जोडी कायम राहिली.