टर्बो ट्रॅक्टर: धुराच्या तापमानाचा प्रोब कुठे बसवायचा?



उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढताना सायलेन्सरकडे जाणारा धूर आधी तापतो. पाण्याच्या तापमानाचा काटा तेव्हा जागेवरच असतो. म्हणून वेगळा मीटर लावणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा.

1) प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर बसवा. सगळ्या सिलिंडरचा धूर जिथे एकत्र येतो ती जागा योग्य. पिस्टन आणि टर्बो किती उष्णता सोसतात, ते तिथेच कळतं.

2) टर्बोनंतर पाइपमध्ये बसवणं सोपं. पण टर्बो फिरवताना धूर थंड होतो. लोडवर आकडा 100 ते 200 अंश कमी दिसू शकतो. मीटरवर 550, आत 700! फरकही लोडप्रमाणे बदलतो.

3) मॅनिफोल्ड खाली काढूनच भोक पाडा. ड्रिलचा चुरा टर्बोत गेला तर पंख्याची पाती खराब होतात.

4) प्रोबचं टोक धुराच्या मधोमध हवं, भिंतीला टेकू नये.

टर्बोआधी काटा 700 अंश सेल्सिअसकडे जाऊन तिथेच थांबला, तर गिअर खाली घ्या, लोड कमी करा. एअर फिल्टर आणि टर्बोचे होज पाइप तपासा. काम झाल्यावर 2-3 मिनिटं इंजिन रेसवर न ठेवता चालू द्या, मगच बंद करा.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर भोक पाडण्याआधी डीलरला विचारा.