सात भागिले सहा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाणा जिल्ह्यात मतदान दोनदा झालं. खामगाव, चिखली, मेहकरकडच्या लोकांच्या बोटाला २६ एप्रिलला शाई लागली. वडनेर भोलजीकरांचं बोट मात्र १३ मेपर्यंत कोरंच होतं. वडनेर नांदुरा तालुक्यातलं आणि नांदुरा-खामगाव हे सख्खे शेजारी तालुके. लेक खामगावात दिलेली असेल तर तिच्या नखावरची शाई वर सरकायला लागली होती, तेव्हा कुठे माहेरच्यांच्या हातात मतदानाची स्लिप पडली.

तारीख वेगळी, तशी यंत्रावरची नावंही वेगळी. खामगावात प्रतापराव जाधव, नरेंद्र खेडेकर आणि कापूस-सोयाबीनच्या भावासाठी रस्त्यावर उतरणारे रविकांत तुपकर. वडनेरच्या शिवारातही पीक तेच, कापूस आणि सोयाबीन. पण इथल्या शेतकऱ्याला तुपकरांना मत द्यायचंही नव्हतं आणि पाडायचंही नव्हतं, कारण त्याच्यासमोर होत्या रक्षा खडसे आणि श्रीराम पाटील. त्याचा लोकसभा मतदारसंघ केळीवाल्यांचा, रावेरचा! उमेदवारी अर्ज भरायचे जळगावला आणि निवडणूक निर्णय अधिकारीही जळगावचेच.

वडनेर हे मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं, जुन्या सहा नंबरच्या हायवेवरचं गाव. जिल्हा बुलढाणा, महसुली विभाग अमरावती, विधानसभा मलकापूर. मग त्याचा खासदार खानदेशातून का? पुढाऱ्यांची काहीतरी खेळी असणार, असं पारावरचं उत्तर तयार असतं. खरं उत्तर पाहिलं तर चकित व्हायला होतं, कारण ते चौथीतल्या भागाकाराचं आहे.

महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८. भागून बघा. बरोबर सहा, बाकी शून्य. हा योगायोग नाही. विधानसभेच्या जागा लोकसभेच्या जागांच्या पूर्ण पटीतच असल्या पाहिजेत, अशी अट मतदारसंघांची फेररचना करणाऱ्या कायद्यातच आहे. दुसरी अट अशी की विधानसभेचा कुठलाही मतदारसंघ दोन लोकसभांमध्ये चिरायचा नाही, तो अख्खा एकीकडेच जाणार. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक खासदाराच्या वाट्याला सहा आमदारांचा मुलूख.

आता बुलढाण्याची मोजदाद करू. मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद. सात! सहाची पंगत बसली आणि एक पान उरलं. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत मतदारसंघ अकरा. दोन खासदारांना बारा हवेत, तिथे एक कमी. इकडे एक जास्त, तिकडे एक कमी, आणि जिल्ह्याच्या शिवेवर मुक्ताईनगरला खेटून उभं मलकापूर. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने केलेली फेररचना २००८ मध्ये लागू झाली. तिच्यात चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि सहावं मलकापूर असा रावेर नावाचा नवा लोकसभा मतदारसंघ तयार झाला.

हा हिशेब एकदा डोळ्यांत बसला की महाराष्ट्राचा नकाशा पहिल्यासारखा दिसत नाही. वर नंदुरबारपासून सुरुवात करा. नंदुरबारचे चार आणि धुळ्याचे पाच मिळून नऊ, बाराला तीन कमी. ते तीन नाशिक जिल्ह्यातून आणले, मालेगावचे दोन आणि बागलाण, म्हणून मालेगावकर धुळ्याचा खासदार निवडतात. जळगावला एक कमी होता, तो मलकापूरने भरला. अकोल्यातही पाचच, त्यांना वाशीम जिल्ह्यातलं रिसोड जोडलं. वाशीमचे उरलेले दोन, वाशीम आणि कारंजा, यवतमाळच्या चारांना जाऊन मिळाले. मग यवतमाळचे तीन उरले: वणी आणि आर्णी गेले चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला. एकाची बाकी दुसऱ्याच्या पदरात टाकत टाकत हा हातचा पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतो.

सहाचा हा पाढा जुना आहे. महाराष्ट्राची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची, जागा २६४ आणि लोकसभेच्या ४४. भागिले सहा. १९६७ मध्ये २७० आणि ४५, पुन्हा सहा. आधी १९५७ मध्ये गुजरातसकट द्विभाषिक मुंबई राज्य होतं, तिथे ३९६ आणि ६६. तेही सहाच! त्याच्या मागे १९५२ ला गेलं की मात्र पाढा बदलतो. २३२ आणि २९, म्हणजे आठ. कारण राज्यच दुसरं होतं. १९५२ मध्ये वडनेर भोलजी मध्य प्रदेशात होतं.

नव्या पिढीला हे सांगितलं तर विश्वास बसत नाही, पण वडनेरसारख्या वऱ्हाडातल्या गावांनी पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत तीन वेगवेगळ्या राज्यांचे आमदार निवडले. १९५२ ला मध्य प्रदेशचे, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. १९५७ ला मुंबई राज्याचे. १९६२ ला महाराष्ट्राचे. विहीर तीच, पार तोच, आणि मतदाराला आपली वेससुद्धा ओलांडावी लागली नाही.

त्या पहिल्या निवडणुकीची रीतही आज अद्भुत वाटते. मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नव्हता. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. हवी ती पेटी शोधायची आणि कोरी मतपत्रिका तिच्यात टाकून मोकळं व्हायचं. त्यात भर म्हणजे काही मतदारसंघ जोडीचे होते. बुलढाणा-अकोला लोकसभेतून तेव्हा दोन खासदार निवडून आले, गोपाळराव खेडकर आणि राखीव जागेवर लक्ष्मण भटकर. एका मतदाराला दोन मतं. ही जोड-मतदारसंघांची पद्धत १९६१ मध्ये कायद्यानेच मोडीत निघाली.

आणखी मागे गेलं तर गोष्ट जवळजवळ चमत्कारिक होते. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, पण मालकी निजामाची. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला, तरी सातबारा हैदराबादच्याच नावावर राहिला म्हणा ना. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कायदेमंडळासाठी निवडणुका आल्या, तेव्हा पेच पडला. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हतं, मग तिथला माणूस निवडून येणार कसा? तोडगा असा निघाला की वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची आणि जिंकेल त्याची सरकारने नेमणूक करायची. लोकांनी निवडलेला माणूस कागदावर सरकारनियुक्त! मत द्यायचा हक्कही तेव्हा मुख्यतः सारा भरणाऱ्यांपुरता, मूठभरांचा.

मलकापूर विधानसभेचा अलीकडचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो बराचसा एकाच नावाचा आहे. १९९५ मध्ये राज्यात ४५ अपक्ष निवडून आले, त्यात मलकापूरचे चैनसुख संचेती होते. पुढे १९९९, २००४, २००९, २०१४ अशा सलग चार वेळा ते भाजपकडून आमदार झाले. फेररचनेनंतरही ही मालिका तुटली नाही. तुटली ती २०१९ मध्ये, काँग्रेसच्या राजेश एकडे यांच्याकडून. आणि २०२४ ला संचेती पुन्हा आले. लोकसभेत २००९ ला हरिभाऊ जावळे, नंतर तीनदा रक्षा खडसे. २०२४ च्या जूनमध्ये बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव आणि खडसे दोघेही केंद्रात राज्यमंत्री झाले, म्हणजे सातातला एक तिकडे गेल्याने बुलढाणा जिल्ह्याला खासदारांच्या रूपाने दोन मंत्री लाभले. नकाशावर नुकसान दिसतं, ते दर वेळी नुकसान असतंच असं नाही.

शिवाय मलकापूरला रावेरशी जोडणारी ही रेघ वाटते तितकी परकी नाही. बुलढाणा शहर घाटावर, वडनेर घाटाखाली. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे लेवा पाटीदारांची गावं आहेत आणि त्यांची सोयरीक रावेर-यावल-भुसावळकडे चालते. बोलीही तिकडची. आयोगाने काही बोली ऐकून रेघ मारली नाही, पण बाकी नेमकी जिथे बोली एकमेकींत मिसळतात तिथेच पडली, ही गंमत मला फार आवडते.

सगळ्याच्या मुळाशी माणसांची मोजणी आहे. लोकसभेच्या ४८ जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. २००८ ला एकूण आकडे तेच ठेवून २००१ च्या लोकसंख्येवर फक्त राज्याच्या आतल्या रेघा हलवल्या. पण २८८ पक्के असले की एकाचं वाढणं म्हणजे दुसऱ्याचं घटणं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या आणि विदर्भाच्या ६६ वरून ६२. डोंबिवली-मिरा रोडला इमारतींवर इमारती चढत होत्या, त्याचा धक्का वऱ्हाडातल्या मतदार यादीला बसत होता. विदर्भातून तिकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेलेला मुलगा आपल्यासोबत गावाच्या आमदारकीचा एक कपचा नकळत घेऊन गेलेला असतो.

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच ही गोठवणूक आहे, आणि पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. तिच्या आकड्यांवर भागाकार पुन्हा मांडला जाईल. बुलढाण्याला आठ आले तर दोन उरतील आणि मलकापूरला कदाचित सोबत मिळेल. सहाच आले तर बाकी शून्य, आणि वडनेरचं मत घाट चढून बुलढाण्याला परत. तेव्हा जळगावचे अकराच राहिले, तर बाराव्यासाठी त्यांना कदाचित शेजारच्या सिल्लोडकडे बघावं लागेल.